राखणीस जातांना पायांत काय घालावें?

बी-बियाणें, खतें, औतें व जनावरें यांविषयीं शेतकीच्या मासिकांतून वरचेवर लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या दोन पायांवर ही सारी शेती उभी आहे, त्या पायांत काय घालावें याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बैलास पत्र्या मारावयास आपण विसरत नाहीं; स्वतः मात्र घरांत पडलेली कोणतीही जुनी चप्पल पायांत सरकवून रात्रीं-अपरात्रीं रानांत जातों. म्हणून रानांत फिरणाऱ्यानें, विशेषतः रात्रीं पिकाच्या राखणीस जाणाऱ्यानें, जमीन पाहून पायतण कसें निवडावें, एवढाच विषय या लेखांत घेतला आहे.

हा विषय मला सुचला तो एका पंचनाम्यामुळें. महसूल खात्यांत कारकून असतांना रानडुकरांनीं केलेल्या नुकसानीची पाहणी करण्यासाठीं तलाठी व कोतवाल यांच्याबरोबर मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गांवीं गेलों होतों. भाद्रपदाचे दिवस होते. मक्याचें शेत अर्धें लोळलें होतें, परंतु शेताचा मालक जागेवर नव्हता. चौकशी करतां कळलें कीं, चार रात्रींपूर्वीं डुकरांची चाहूल लागून तो अनवाणी बांधावरून धांवला, आणि गवतांत पडलेल्या घोणशीवर त्याचा पाय पडला. दंश घोट्याच्या खालीं झाला. पहिला तास-दीड तास मंत्रतंत्रांत गेला. नंतर एका शहाण्या शेजाऱ्यानें मोटारसायकलीवर बसवून त्याला रुग्णालयांत नेलें. तो वांचला, परंतु पाय सुजून काळा पडला, मूत्रपिंडावर परिणाम झाला, आणि पुढें महिनाभर त्याला अंथरूण सुटलें नाहीं. तेवढ्या अवधींत राहिलेला मकाही डुकरांनीं फस्त केला. त्याच्या ओसरीवर रबरी बुटांचा एक जोड टांगलेला मीं पाहिला. "बूट चावतात म्हणून तो घालीत नसे," असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. बूट घरीं होते, पण मापाचे नव्हते, एवढ्या लहानशा चुकीनें हें सारें ओढवलें.

हें एकट्याचें दुर्दैव नव्हे. आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मरण पावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० होतात. त्यांपैकीं सुमारें निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आहेत, आणि मरणारे बहुतेक खेड्यांतील आहेत. शेतांत होणारा दंश बहुधा पायालाच होतो. तेव्हां पायतणाचा प्रश्न हा हौसेचा नसून जिवाचा आहे.

रानांतील पायतणाचा बारकाईनें विचार पूर्वीं शिकारी लोक करीत असत. आपला खानदेश १८१८ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तेव्हां हा मुलूख वाघांसाठीं प्रसिद्ध होता. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ नांवाचा लष्करी अधिकारी शिकारीस निघाला असतां वाघूर नदीच्या दरींत त्याला अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. धरणगांव हें तिचें ठाणें होतें. हा औट्रम वाघाच्या शिकारीसाठीं नांवाजलेला होता, व चाळीसगांवजवळच्या औट्रमघाटास त्याचेंच नांव राहिलें आहे. रानांत पाऊल कोठें टाकावें व कोठें टाकूं नये, हें ज्ञान मात्र येथल्या भिल्ल माग्यांचें होतें.

आतां तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार बंद झाली आहे. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकराविषयींही अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून कांहीं करतां येत नाहीं. यावल, अनेर व गौताळा-औट्रमघाट हीं अभयारण्यें तर पुष्कळांच्या शेतांच्या कडेलाच आहेत. शिकार गेली, परंतु राखण राहिली. शिकारी ज्या जमिनींतून जात असे, तिच्यांतूनच राखणदारास आज रात्रीं जावें लागतें. शिकाऱ्यांचा जुना नियम असा कीं, सर्व जमिनींस एकच पायतण चालत नाहीं; आधीं जमीन पाहावी, मग पायतण घ्यावें. हा नियम आपल्या दोन्ही जिल्ह्यांस लावून पाहूं.

पहिली जमीन काळी. तापीकांठची काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसून भेगाळते. पावसाळ्यांत ती तळाला चिकटून पाऊल जड करते. तळाच्या खांचा खोल व अरुंद असल्या कीं चिखल त्यांत घट्ट बसतो, आणि मग खांचा असून नसल्यासारख्या होतात. अगदीं गुळगुळीत तळही बांधावरून घसरतो. म्हणून या जमिनीसाठीं रुंद व उथळ खांचांचा रबरी तळ असलेला, पोटरीपर्यंत येणारा हलका गमबूट चांगला. बांधावरच्या दगडावर दोनदां आपटला कीं त्याचा तळ मोकळा होतो. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा तर बारमाही ओल्या असतात. तेथें खालीं पडलेल्या वाळक्या पानांच्या थरांत काय दडलें आहे तें दिसत नाहीं, म्हणून असा बूट उन्हाळ्यांतही सोडूं नये.

पीक निघाल्यावर हीच काळी जमीन निराळें रूप घेते. ज्वारी-बाजरीचीं धसकटें व पऱ्हाटीचे खुंट तिरप्या कापामुळें सुळासारखे उभे राहतात, आणि स्पंजाच्या पातळ चपलेंतून सरळ तळव्यांत शिरतात. येथें तळ जाड व टणक हवा. जुन्या टायरच्या तळाच्या चपला या कामीं स्वस्त व टिकाऊ आहेत. दिवसां त्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. रात्रीं मात्र त्या उपयोगाच्या नाहींत, कारण पायाचा वरचा भाग व घोटा उघडा राहतो.

दुसरी जमीन डोंगराची. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग. दोन्हीकडे सुटे, टोकदार काळे दगड, उतार, आणि बोर, बाभूळ, खैर यांचे कांटे. येथें गमबूट वाईट. त्यांत टाच वर-खालीं होते, पाऊल पुढें सरकतें, आणि उतरतांना घोटा मुरगळतो. डोंगरासाठीं घोट्याच्या वर नाडीनें आवळून बांधतां येईल असा, चामड्याचा किंवा जाड कॅनव्हासचा बूट घ्यावा. तळ जाड रबराचा व खोल खांचांचा असावा. खडकावर माती चिकटत नसल्यानें खोल खांचा येथें उपयोगी पडतात. लोखंडी खिळे ठोकलेला तळ खडकावर घसरतो व वाजतो. शिकाऱ्यास आवाज नको असे, म्हणून तो मऊ तळ पसंत करी. राखणदाराचें काम उलट आहे. त्यानें पाऊल वाजवीत, काठी आपटीत व बोलत जावें, म्हणजे जनावर आधींच दूर जातें. पिलांची डुकरीण अवचित समोर आली तर कोणताही बूट कामास येत नाहीं.

तिसरी जागा नदी-नाल्याची. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या कांठीं वाळू, गाळ व शेवाळलेले दगड असतात. येथें चामड्याचा बूट भिजून फुगतो व वाळल्यावर कडक होतो. गमबुटांत वरून पाणी शिरलें तर तो लोखंडासारखा जड होतो, व प्रवाहांत उभ्या उभ्या काढतां येत नाहीं. गुडघ्याखालच्या संथ पाण्यासाठीं मागें पट्टा असलेलें, पाणी निथळून जाणारें प्लास्टिकचें सँडल पुरतें. पाणी त्याहून खोल अथवा ओढीचें असेल तर पायतणाचा विचार न करितां माघारीं फिरावें. एका रात्रीचें पीक जिवाहून मोठें नाहीं.

चौथी व सर्वांत धोक्याची जागा म्हणजे गवताळ बांध. घोणस व नाग उंदरांच्या मागें बांधावर येतात. फुरसें खडकाळ व कोरड्या रानांत आढळतें. येथें पोटरीपर्यंत जाड बूट, त्यावर सैल विजार, हातांत विजेरी व लांब काठी, या चार गोष्टी एकत्र असाव्या. जाड रबर व मधली मोकळी जागा यांमुळें सापाचे दांत कातडीपर्यंत पोंचण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. मात्र पूर्ण हमी कोणत्याच बुटाची देतां येत नाहीं. मण्यार ही बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसास रात्रीं चावते. म्हणून राखणीच्या जागीं मचाण किंवा खाट, व तिला नीट खोंचलेली मच्छरदाणी अवश्य ठेवावी.

आतां मापाविषयीं. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळीं विकत घ्यावा, आणि जे मोजे घालावयाचे ते घालूनच माप घ्यावें. दोन पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचें माप धरावें. उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, व चालतांना टाच वर उचलूं नये. "पुढें सैल होईल" या भरवशावर आवळ बूट घेऊं नये. नवा बूट आधीं चार-आठ दिवस घरीं तास-दोन तास घालून पाय रुळवावा. पहिल्याच रात्रीं त्यानें फोड आणले तर तो खुंटीवरच राहतो. मधुमेह असलेल्यांनीं विशेष जपावें, कारण फोड झाल्याचें त्यांना पुष्कळदां कळत नाहीं. त्यांनीं अनवाणी एक पाऊलही चालूं नये, व रोज संध्याकाळीं पाय पाहावेत.

निगा राखणें हेंही तितकेंच महत्त्वाचें. बूट घालण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं उलटा करून आपटावा. विंचू व गोम यांना बुटाचा अंधार फार आवडतो. रात्रीं बूट जमिनीवर न ठेवतां खुंटीवर उलटे टांगावेत. भिजलेलें चामडें चुलीजवळ अथवा उन्हांत वाळवूं नये. आंत कागद भरून सावलींत वाळवावें व नंतर तेल चोळावें. रबराला तेल लावूं नये, तें त्यानें खराब होतें. मोजे सुती असावे व रोज धुवावे. ओले पाय तसेच बुटांत ठेवल्यानें चिखल्या होतात. कांटा किंवा धसकट खोल गेल्यास जखम साबणानें धुवून धनुर्वाताची सुई घ्यावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. पायांत रबरी बूट आहे म्हणून कुंपणाच्या तारेंत वीज सोडण्याचें धाडस कोणी करूं नये. ओल्या, फाटक्या बुटाचा विजेपुढें भरवसा नाहीं. असें कुंपण बेकायदेशीर असून त्यांत डुकरांबरोबर शेजारी, मजूर व खुद्द मालक यांचेही प्राण गेले आहेत.

इतकी खबरदारी घेऊनही दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये व दोरीनें आवळूं नये. पाय न हालवितां रुग्णास धीर द्यावा व थेट सरकारी रुग्णालयांत न्यावें. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याच्या नादांत वेळ घालवूं नये. जळगांव व धुळें येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत; जवळच्या ग्रामीण रुग्णालयांत लस असते कीं नाहीं, याची चौकशी मृगापूर्वींच करून ठेवावी.

कोणी विचारील कीं, इतके जोड कोठून घ्यावे? तापीकांठच्या सपाट मुलुखांत ज्याचें शेत आहे त्यानें मापाचा गमबूट घ्यावा. डोंगराच्या पायथ्याशीं ज्याचें शेत आहे त्यानें नाडीचा उंच बूट घ्यावा. दिवसाच्या कामास टायरची चप्पल पुरे. म्हणजे दोनच जोड झाले. राखणीस गडी ठेवला असेल तर त्याच्या पायाचें माप घेऊन त्यालाही बूट द्यावा. राखण आपल्या पिकाची आहे, पण पाय त्याचा आहे. औतांच्या खर्चांत हा खर्च धरल्यास तो कोणास जड जाणार नाहीं, असें वाटतें. यंदा मृग लागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या ओसरीवरचा बूट खालीं काढून एकदां पायांत घालून पाहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.