मूळ कार्बुरेटरचा जीर्णोद्धार : अक्षर आणि कार्य

जुनी वस्तू पुन्हा उपयोगात आणण्याच्या क्रियेला मराठीत डागडुजी, दुरुस्ती, नूतनीकरण, जीर्णोद्धार असे निरनिराळे शब्द आहेत. आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. दुरुस्तीचे प्रयोजन वस्तू चालू होणे एवढेच असते. नूतनीकरणात ती नवी दिसावी अशी अपेक्षा असते. जीर्णोद्धाराला मात्र एक अधिक कठोर अट आहे : वस्तू चालली पाहिजे आणि तरीही ती 'तीच' राहिली पाहिजे. ही अट पाळणे किती अवघड आहे, हे पाहण्यासाठी विद्याव्यवहारापासून पुष्कळ दूरचे, परंतु अतिशय स्पष्ट असे एक उदाहरण घेता येईल. ते म्हणजे अमेरिकेतील १९६०–७० च्या दशकातील शक्तिशाली मोटारींच्या मूळ कार्बुरेटरचा जीर्णोद्धार.

१. वस्तू व तिचे कार्य

मध्यम किंवा लहान आकाराच्या गाडीत मोठ्या शक्तीचे एंजिन बसविलेल्या या मोटारींना 'मसल कार' म्हणतात. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही या परंपरेची आरंभीची मोटार म्हणून सामान्यतः सांगितली जाते. शेव्हरोले कंपनीची कॅमारो झेड/२८ ही याच वर्गात बहुधा गणली जाणारी दुसरी प्रसिद्ध मोटार होय. पाच लिटरची मर्यादा असलेल्या ट्रान्स-अॅम शर्यतींसाठी तिचे ३०२ घन इंचांचे एंजिन सिद्ध करण्यात आले होते. १९६९ च्या झेड/२८ वर होली कंपनीचा, मिनिटाला ७८० घनफूट हवा वाहून नेण्याच्या क्षमतेचा, चार नळ्यांचा कार्बुरेटर असे. पुढील विवेचन प्रामुख्याने त्याला अनुलक्षून आहे.

कार्बुरेटरचे तत्त्व साधे आहे. एंजिन हवा आत ओढते. ती हवा नळीच्या चिंचोळ्या भागातून, म्हणजे व्हेंच्युरीतून, जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर वातावरणाचा दाब कायम असल्यामुळे ते जेटच्या सूक्ष्म छिद्रातून त्या कमी दाबाच्या जागी ढकलले जाते आणि हवेत मिसळते. होलीच्या या रचनेत दोन नळ्या नेहमी कामात असतात. उरलेल्या दोन, हवेचा प्रवाह वाढला म्हणजे, निर्वातावर चालणाऱ्या पडद्याच्या साहाय्याने उघडतात. गाडीला जोराची गरज पडून मॅनिफोल्डमधील निर्वात विशिष्ट मर्यादेखाली उतरला, की 'पॉवर व्हॉल्व्ह' उघडून जादा पेट्रोल सोडतो. तात्पर्य, हे यंत्र म्हणजे छिद्रे, पडदे व झडपा यांच्या मापांची एक व्यवस्था आहे, आणि प्रत्येक माप दुसऱ्या मापावर अवलंबून आहे.

२. पुराव्याचे वाचन

जीर्णोद्धारकाचे पहिले काम हत्यार उचलणे हे नसून वाचणे हे आहे. चोकच्या झडपेभोवतीच्या उभ्या भागावर अंक ठोकलेले असतात. १९६९ च्या झेड/२८ च्या बाबतीत तेथे शेव्हरोलेचा भाग-क्रमांक ३९२३२८९, त्यापुढे डीझेड ही अक्षरे, आणि होलीचा स्वतःचा 'लिस्ट ४०५३' हा क्रमांक आढळतो. त्यांखाली तीन स्थानांचा कालदर्शक संकेत असतो. त्यातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना आणि तिसरा आठवडा दर्शवितो. ऑक्टोबरसाठी ० आणि पुढील दोन महिन्यांसाठी ए व बी ही रोमन अक्षरे वापरली जात. '९२३' याचा अर्थ १९६९ च्या फेब्रुवारीचा तिसरा आठवडा.

येथे एक संदिग्धता आहे. नुसता '९' हा अंक १९५९ चाही असू शकतो. संकेत एकटा वाचला तर निर्णय होत नाही. लिस्ट क्रमांकाच्या संदर्भात वाचला तरच होतो. त्याचप्रमाणे कार्बुरेटरची तिथी मोटारीच्या जुळणीच्या तिथीनंतरची असेल, तर तो त्या मोटारीचा मूळ भाग असणे शक्य नाही. याउलट तिथी आधीची असली म्हणजे तो मूळ भाग ठरतोच असे मात्र नाही. ती केवळ शक्यता होय. निषेधाचा पुरावा निर्णायक असतो, अनुकूल पुरावा तसा नसतो, हा भेद येथेही पाळावा लागतो.

आणखी एक अडचण म्हणजे मिश्रणाची. पन्नासाहून अधिक वर्षांच्या आयुष्यात अनेक कार्बुरेटर दोन-तीन जुन्या कार्बुरेटरांचे भाग एकत्र करून चालू ठेवले गेले. मीटरिंग ब्लॉकवर स्वतंत्र क्रमांक असतो. तो मुख्य सांगाड्याशी जुळत नसेल, तर समोरची वस्तू संमिश्र आहे असे समजावे. काही ठिकाणी तर मूळ अंक घासून त्यांवर अधिक मूल्यवान क्रमांक ठोकलेला असतो. अशा वेळी अंकांचे वळण, त्यांची खोली आणि भोवतालच्या पृष्ठभागावरील घासल्याच्या खुणा यांवरून निर्णय करावा लागतो. हे काम लिपिशास्त्रज्ञाच्या कामाहून स्वरूपतः भिन्न नाही.

३. शुद्धीकरणातील हानी

या कार्बुरेटरचा मुख्य सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असून त्यावर क्रोमेटच्या रासायनिक प्रक्रियेने आलेली पिवळसर झाक असते. तीव्र आम्लाने धुतल्यास किंवा काचेच्या बारीक मण्यांचा जोराचा मारा केल्यास मळ निघतो खरा. परंतु त्याबरोबर ही झाकही जाते, ठोकलेल्या अंकांच्या कडा बोथट होतात आणि सुटे मणी अंतर्गत मार्गांत अडकून बसतात. झाक पुन्हा चढविता येते. बोथट झालेला अंक पूर्ववत करता येत नाही. ज्या खुणेवरून वस्तू 'मूळ' ठरावयाची, तीच खूण स्वच्छतेच्या उत्साहात नष्ट होते. म्हणून जाणकार सौम्य द्रावणापासून आरंभ करतात आणि पुरेसे झाले की थांबतात.

काही हस्तक्षेप मात्र टाळता येत नाहीत. थ्रॉटलचा शाफ्ट फिरून फिरून त्याच्या बैठकीची छिद्रे मोठी होतात. तेथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते आणि एंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही. यावर उपाय म्हणजे छिद्र मापाने वाढवून त्यात बुश बसविणे. फाजील आवळल्यामुळे वाकलेली जोडपृष्ठे घासून सपाट करावी लागतात. या दोन्ही क्रियांनी मूळ धातू कायमचा जातो. त्या न केल्या तर कार्बुरेटर दर्शनी मूळ राहील, पण कार्बुरेटर राहणार नाही.

४. इंधन बदलल्यावर

सर्वांत सूक्ष्म प्रश्न इंधनाचा आहे. हे यंत्र ज्या पेट्रोलसाठी घडविले गेले ते आता मिळत नाही. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९६ पासून बंद झाली, आणि तेथील नेहमीच्या पेट्रोलमध्ये आज दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबरी पडदे व गॅस्केट लवकर खराब होतात. त्यांच्या जागी फ्लुओरीनयुक्त रबराचे भाग घालणे इष्ट ठरते. शिवाय इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १४.१ पट पुरते. म्हणजे कारखान्याने बसविलेले जेट जसेच्या तसे ठेवले, तर मिश्रण मूळच्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी विरळ होते.

येथे 'मूळ' या शब्दाचे दोन अर्थ परस्परांपासून फुटून निघतात. जेटचा क्रमांक राखावा, तर यंत्राचे मूळ वर्तन राहत नाही. वर्तन राखावे, तर किंचित मोठे जेट घालावे लागते आणि क्रमांक बदलतो. एकात अक्षराशी निष्ठा आहे, दुसऱ्यात कार्याशी. बाह्य परिस्थिती बदलली असता दोन्ही निष्ठा एकाच वेळी पूर्णपणे पाळता येत नाहीत.

५. निर्णयाचे तत्त्व

या पेचातून वाट काढण्यास एक भेद उपयोगी पडतो : परतविता येणारा बदल आणि न परतविता येणारा बदल. जेट आट्यांवर बसविलेले असते. ते काढून मूळचे पुन्हा घालता येते. तेव्हा तेथे कार्याला प्राधान्य द्यावे आणि मूळ जेट नोंदीसह जपून ठेवावे. ठोकलेले अंक परत आणता येत नाहीत. तेथे अक्षराला प्राधान्य द्यावे, मग थोडा मळ राहिला तरी चालेल. बुश बसविण्यासारखा अपरिहार्य आणि अपरिवर्तनीय बदल करणे भाग पडल्यास, तो का केला व किती केला याची लेखी नोंद वस्तूबरोबर राहिली पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, संहितेबाहेर ठेवलेले पाठ टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय चुकीचा ठरला, तर पुढच्या अभ्यासकाला त्याचा फेरविचार करता यावा, एवढी सोय त्यात आहे. काढलेल्या जेटची चिठ्ठी लावलेली लहानशी पुडी तीच सोय करते. ती पुडी ठेवली तर केलेले काम जीर्णोद्धार ठरते. फेकून दिली तर ती, कितीही कुशलतेने केलेली असली तरी, केवळ दुरुस्ती होय.