बुडबुडा कुठून येतो? चेन्नईच्या खाण्यापिण्यातलं आम्ल आणि सोडा

चेन्नईत सकाळी मऊ इडली, दुपारच्या उन्हात गोटी सोडा आणि पीठ आंबवायला वेळ नसेल त्या दिवशी दही-सोडा घालून केलेली रवा इडली. तिन्हींत बुडबुडे आहेत आणि वायूही एकच, कार्बन डायऑक्साइड. पण तो तीन निरनिराळ्या वाटांनी येतो. वाट ओळखता आली की पीठ का फुगलं नाही, सोडा फसफसला का नाही, इडली पिवळी का पडली, हे सगळं उलगडतं.

पहिली वाट आंबण्याची. इडलीला साधारण चार वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी उडीद घेतात. दोन्ही वेगवेगळे भिजवतात आणि वेगवेगळे वाटतात. बाहेरून काहीच विरजण लागत नाही, कारण डाळीवर जिवाणू आधीच असतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा मुख्य. तो पिठातली साखर खातो आणि दोन गोष्टी सोडतो : लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड. म्हणून पीठ आंबट होणं आणि फुगणं बरोबरच चालतं. आंबटपणा मोजायच्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, आणि आम्ल वाढेल तसा तो उतरतो. वाटल्यावर पिठाचा सामू ६ च्या आसपास असतो, चांगलं आंबल्यावर तो साडेचारच्या जवळ येतो.

पण वायू तयार झाला म्हणून भागत नाही, तो पिठात टिकायला हवा. हे काम उडदाचं. त्यातली प्रथिनं आणि बुळबुळीत, चिकट कर्बोदकं प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ भिंत उभी करतात. उडीद हलका आणि फेसाळ होईपर्यंत वाटतात तो त्यासाठीच. वाफेवर बुडबुडे आणखी प्रसरण पावतात, तेवढ्यात भोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं आणि जाळी तशीच राहते. नुसत्या तांदळाचं पीठ आंबेल, पण वायू धरून ठेवणार नाही.

चेन्नईच्या उष्ण हवेत हे जिवाणू झपाट्याने वाढतात. पुण्यात डिसेंबरात तेच पीठ कितीतरी जास्त वेळ घेतं. चेन्नईच्या दुकानांत तयार पिठाच्या पिशव्या मिळतात. एखादी पिशवी टम्म फुगलेली दिसते, म्हणजे आत अजून वायू तयार होतोय. म्हणून घरीही पिठाचं झाकण घट्ट लावू नये आणि भांड्यात वर जागा सोडावी.

दुसरी वाट दाबाची. इथे वायू आयता आणून थंड पाण्यात दाबाने कोंबतात. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ साली इंग्लंडमध्ये पाण्यात हा वायू मिसळून दाखवला. गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये घेतलं. आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि विरघळलेला वायू बाहेर धावतो. गळ्याला खाचा असतात, ओतताना गोटी त्यांत अडकते आणि तोंड मोकळं राहतं. थोडा वायू पाण्याशी जुळून सौम्य कार्बोनिक आम्ल होतं, जिभेला झिणझिण्या येतात त्यात त्याचा वाटा असतो.

थंडीचं महत्त्व मोठं. साध्या हवेच्या दाबाला ३० अंशांवरचं पाणी ० अंशाच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी वायू धरतं. म्हणून कोमट बाटली उघडताच फसाफसा उतू जाते आणि ग्लासातला सोडा लवकर मिळमिळीत होतो. लिंबू-मिठाच्या सोड्यात मीठ पडताच फेस उसळतो, पण ती रासायनिक क्रिया नव्हे. मिठाच्या खरबरीत कणांवर बुडबुड्यांना जन्मायला जागा मिळते, एवढंच.

तिसरी वाट आम्ल आणि आम्लारी यांच्या भेटीची. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आम्लारिधर्मी असतो. दह्यातलं लॅक्टिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल त्याला भेटलं की क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हे काही क्षणांत घडतं. म्हणून सोडा अगदी शेवटी घालावा आणि पीठ लगेच वाफेवर चढवावं. थांबलात तर वायू हवेत जातो. सोडा जास्त आणि आम्ल कमी पडलं, तर उरलेला सोडा उष्णतेने सोडियम कार्बोनेट होतो. त्यानेच साबणासारखी चव येते आणि पदार्थ पिवळट दिसतो.

ही चूक हळद लगेच दाखवते. ती आम्लात पिवळी राहते, आम्लारीत लालसर होते. हळद घातलेल्या ढोकळ्यावर लाल ठिपके दिसले, तर तिथे सोडा नीट मिसळला नव्हता. तमिळ लग्नांत ओवाळायला लाल पाणी लागतं, ते परंपरेने हळद आणि चुना मिसळूनच करतात. घरी पाहायचं असेल तर हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, रंग लालसर होईल. मग सांबारासाठी भिजवलेल्या चिंचेचा कोळ थोडा थोडा घाला. चिंचेतलं टार्टारिक आम्ल सोड्याला भिडतं, फेस येतो आणि सोडा संपताच पिवळा रंग परततो.

म्हणून रवा इडलीचं पीठ भिजवताना सोड्याआधी दही पुरेसं आंबट आहे का, ते चाखून पाहा. गोड दही असेल तर लिंबू पिळा. आणि रात्र हाताशी असेल, तर सोडा डब्यातच राहू द्या, कारण उडदाच्या पिठातले जिवाणू वायू आणि चव दोन्ही देतात.