फरशीचे गणित

मुलांनो, 'फर्श' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीतील 'फरशी' त्याच शब्दावरून आली. जमीन फरश्यांनी झाकताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मध्ये फट राहू नये आणि एक फरशी दुसरीवर चढू नये. कोणत्या आकारांनी हे साधते?

चौरसापासून सुरुवात करू. आमच्या आंधळगावचे कोशाचे कापड जवळून पाहा. ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून बारीक चौकोन दिसतात. एका बिंदूपाशी चार कोपरे मिळतात. प्रत्येक कोन ९० अंशांचा, चारांची बेरीज ३६० अंश. बिंदूभोवती फेरी पूर्ण होते, फट उरत नाही.

हाच नियम इतर आकारांना लावून पाहा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो. तो सहा वेळा बसतो. सुसम षटकोनाचा कोन १२० अंशांचा असतो. तो तीन वेळा बसतो. मधमाशांचे पोळे आठवा! सुसम पंचकोनाचा कोन मात्र १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले की ३६ अंशांची फट राहते आणि चौथा तिथे मावत नाही. सहाहून अधिक बाजू असल्या, तर तीन कोनही मावत नाहीत. म्हणून सर्व बाजू व सर्व कोन समान असलेले फक्त तीनच आकार एकट्याने जमीन झाकतात.

बाजू समान नसतील तर? कोणताही त्रिकोण चालतो, कोणताही चौकोन चालतो. पंचकोन मात्र काहीच चालतात. ते शोधणे गणितज्ञांनाही कठीण गेले. अमेरिकेतील मार्जोरी राइस या गृहिणीने १९७५ साली एका मासिकात या प्रश्नाविषयी वाचले. त्यांचे गणित शाळेपुरतेच होते. घरकाम सांभाळून त्या आकृत्या काढत राहिल्या. १९७७ पर्यंत त्यांनी पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले! कोपरा आत न वळलेल्या अशा पंचकोनांचे आज एकूण १५ प्रकार माहीत आहेत.

आता तुम्ही करून पाहा. पुठ्ठ्यावर कसाही वेडावाकडा चौकोन काढून कापा. तो कागदावर ठेवून कडेने रेघ मारा. मग एका बाजूच्या मध्यबिंदूभोवती अर्धा फिरवून पुन्हा रेघ मारा. असेच प्रत्येक बाजूशी करत जा. कागद भरत जाईल, फट राहणार नाही. असे का होते? चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज किती, ते आठवा. उत्तर तुमच्याच गणिताच्या पुस्तकात आहे.