लेसर वर्णपटविज्ञान आणि मुंबई उपनगरांतील हवेतील सूक्ष्मकण

प्रस्तावना :
वायुप्रदूषणाची चर्चा बहुधा एका आकड्याभोवती फिरते. २.५ मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या कणांचे प्रतिघनमीटर हवेतील वस्तुमान, हा तो आकडा होय. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार त्याची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ५ मायक्रोग्रॅम आहे. परंतु वजनावरून कणाचे मूळ कळत नाही. अंधेरीतील वाहनांची काजळी, घाटकोपरमधील बांधकामांची धूळ आणि समुद्रावरून आलेले मीठ यांवरील उपाय एकच असू शकत नाही. ही ओळख लेसरच्या साहाय्याने कशी पटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रामन वर्णपटविज्ञान :
कणावर पडलेला लेसर प्रकाश बहुतांशी मूळ तरंगलांबीनेच विखुरतो. साधारणतः कोटीत एखादा फोटॉन रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून बदललेल्या तरंगलांबीने बाहेर पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम तो हाच. हा बदल रेणूगणिक ठरलेला असतो. सल्फेटची खूण सुमारे ९८०, नायट्रेटची १०५०, तर काजळीची १३५० व १६०० प्रतिसेंटीमीटर येथे दिसते. सूक्ष्मदर्शकाची जोड दिल्यास सुमारे एक मायक्रोमीटरचा सुटा कणही तपासता येतो.

लेसर-प्रेरित प्लाझ्मा पद्धती :
शुद्ध मिठाच्या स्फटिकात मात्र प्रथम श्रेणीचा रामन परिणाम आढळत नाही. अशा वेळी तीव्र लेसर स्पंदाने कणाचे प्लाझ्मात रूपांतर करतात. त्यातून निघणाऱ्या प्रकाशातील ५८९ नॅनोमीटरजवळील पिवळ्या रेषा सोडियमची साक्ष देतात. शिशासारखे धातूही असेच ओळखता येतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीसारख्या प्रसंगी धुरात कोणते धातू आहेत, हा प्रश्न वजनाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा :
सेंद्रिय द्रव्यांच्या प्रतिदीप्तीत क्षीण रामन संकेत झाकला जातो. काजळी लेसरच्या उष्णतेने बदलू शकते, म्हणून शक्ती मर्यादित ठेवावी लागते. प्लाझ्मा पद्धतीत कण नष्ट होतो. मोजके कण तपासून संपूर्ण परिसराविषयी अनुमान काढणेही योग्य नव्हे.

निष्कर्ष :
दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत : पहिली रेणू सांगते, दुसरी मूलद्रव्य. वस्तुमानाच्या नोंदींना अशा रासायनिक विश्लेषणाची जोड मिळाल्यास नियंत्रण वाहनांवर, बांधकामांवर की कचरा जाळण्यावर हवे, याचा निर्णय अधिक साधार होईल.