जुन्या वास्तूला नवी वायर : चर्च असो, वाडा असो की गावचं देऊळ

गोडादऱ्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं मूळ गाव धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिल्ह्यात आहे. गावी धाब्याचं घर असतं, नाहीतर लाकडी सभामंडपाचं देऊळ असतं आणि त्याच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरतेतूनच जाते. रंग, फरशी, कळस यांवर बैठकीत तासभर चर्चा होते. वायरिंगचा विषय मात्र 'वायरमन बघेल' एवढ्यावर मिटतो. म्हणून या लेखात केबलबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या चर्चच्या वायरिंगचा अभ्यास जगात बराच झाला आहे आणि तिथले प्रश्न आपल्या देवळा-वाड्यांना जसेच्या तसे लागू पडतात. लाकडी छत, चुन्याच्या जाड भिंती, उंचावरचे दिवे आणि आठवड्यातले बरेच तास बंद असलेली वास्तू. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ सालचं. म्हणजे ते बांधलं तेव्हा विजेचा विचारच नव्हता. अशा वास्तूंत वीज नंतर, मिळेल त्या वाटेने शिरली. लाकडी पट्टीवर ठोकलेली रबरी वायर अजून कितीतरी ठिकाणी दिसते. ते रबर वाळून कडक होतं, हात लावला की भुगा पडतो आणि आतली तार उघडी पडते. नवीन रंगाखाली हे दिसत नाही.

आता निवड. दुकानात साधारण तीन प्रकार समोर येतात. एफआर म्हणजे ज्वाळा सहज पुढे सरकू न देणारी पीव्हीसी वायर. पण पीव्हीसी जळलं की दाट काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. हा वायू डोळे-घसा जाळतो आणि ओलाव्याबरोबर आम्ल होऊन मूर्तीचे धातूचे मुखवटे, पितळी समया, जुनी चित्रंही खराब करतो. एफआरएलएसएच प्रकारात धूर आणि हा वायू कमी. तिसरा प्रकार हॅलोजनविरहित, म्हणजे एचएफएफआर; त्यात हा वायू जवळजवळ नसतोच. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडच्या आगीत २२ जीव गेले. धूर काय करतो हे सुरतकरांना वेगळं सांगायला नको. जिथे माणसं एकत्र बसतात आणि दार एक-दोनच आहे, तिथे आमच्या मते एचएफएफआरच घ्यावी. पीव्हीसी वायरवर आयएस ६९४ आणि हॅलोजनविरहित वायरवर आयएस १७०४८ हा क्रमांक छापलेला असतो. तो कॉइलवर स्वतः वाचा.

चौथा प्रकार नेहमीच्या दुकानात दिसत नाही. तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट दाबून त्यात तारा बसवलेली खनिज केबल. तिच्यात जळण्यासारखं काही नाही आणि उंदीर कुरतडू शकत नाहीत. बारीक असल्याने नक्षीच्या कडेने सहज लपते, म्हणून ब्रिटनमधल्या जुन्या चर्चमध्ये ती पुष्कळ वापरली गेली. पण ती महाग आहे आणि टोकं नीट बंद केली नाहीत तर पूड ओल शोषते. सवयीचा कारागीर नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. गावच्या देवळाला लोखंडी पाइपमधली एचएफएफआर पुरेशी आहे, उंदरांचाही बंदोबस्त होतो. फक्त पाइपला अर्थिंग हवं.

जाडीचा हिशेब सोपा आहे. दिव्यांना दीडची, प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची. पण मीटर फाटकाशी आणि सभामंडप ४० मीटरवर असेल तर? ३ किलोवॅट भाराला साधारण १३ अँपिअर लागतात. एवढ्या अंतरात दीडच्या वायरवर सुमारे साडेबारा व्होल्ट वाटेतच जातात, अडीचच्या वायरवर पावणेआठ. शिवाय साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली वायर निम्मी आधीच तापलेली असते, त्यामुळे एक जाडी वरची घेणं शहाणपणाचं. आणि एमसीबी वायरला झेपेल तेवढाच हवा. सप्ताहात सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं.

चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नका. चुना ओल धरतो-सोडतो. त्यात सिमेंटने बुजवलेली खाच पुढे फुगते आणि गिलावा सोडून येते. वरून, तुळईच्या सावलीत पाइप न्यावा. धाब्याच्या किलचनावरच्या मातीत वायर कधीही पुरू नये, आणि जोड डब्याबाहेर नको.

केबल चांगली असली म्हणजे झालं असंही नाही. १९९२ मध्ये इंग्लंडच्या विंडसर किल्ल्याला लागलेली आग प्रार्थनागृहातल्या पडद्याला टेकलेल्या दिव्यामुळे लागली होती. आपल्याकडे मखमली पडदा, थर्माकोलची आरास आणि हॅलोजन यांची गाठ दर गणपतीत पडते. तिथे एलईडी लावा.

काम संपल्यावर वायरमनदादांकडून ५०० व्होल्टच्या मेगरने चाचणी करून घ्या. आकडा १ मेगाओमच्या खाली आला तर वीज जोडू नये. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून तिचं टेस्ट बटण दाबून पाहा. कोणती वायर कुठून गेली याचा हाती काढलेला नकाशा पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी खिळा ठोकणारा बहुधा दुसराच कोणी असेल.