आधी पाण्याची वाट, मग सायकलची

नवी वाट आखताना सायकलचा विचार नंतर, आधी पाण्याचा. कायुनाच्या जंगलात वाटांच्या कामाला गेलं की हातात अवजार पडायच्या आधी तुम्हाला उतारावर उभं करतात आणि विचारतात, इथे तासभर झोडपून पाऊस पडला तर पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल? उत्तर सुचेपर्यंत खणायचं नाही. वर बघायचं, खाली बघायचं, पालापाचोळा कुठे साचलाय, कुठे वाहून गेलाय ते बघायचं.

कायुना म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या मध्यभागातलं सरकारी उद्यान, कायुना कंट्री स्टेट रिक्रिएशन एरिया. आमच्या मिनियापोलिसहून गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात. उद्यानाला लागून क्रॉस्बी आणि आयर्नटन ही दोन छोटी गावं आहेत. मिनेसोटात लोखंडाचे तीन मोठे पट्टे. त्यातल्या मसाबी आणि व्हर्मिलियनच्या मानाने कायुनाचा पट्टा उशिरा हाती लागला, कारण इथलं खनिज मातीच्या जाड थराखाली दडलेलं होतं. कायलर अॅडम्स नावाच्या माणसाच्या होकायंत्राची सुई या भागात भलतीकडेच वळायची, त्यावरून खाली लोखंड असल्याचा माग लागला. त्याचं नाव आणि त्याच्या युना या कुत्रीचं नाव जोडून पट्ट्याचं नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणी सुरू झाल्या. इथल्या खनिजात मँगनीज भरपूर होतं आणि पोलादाला ते लागतंच, त्यामुळे युद्धाच्या वर्षांत या खाणी रात्रंदिवस चालल्या. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळं थांबलं.

खाण चालू असते तेव्हा पाणी सतत उपसावं लागतं. पंप बंद झाले आणि त्या प्रचंड खड्ड्यांमध्ये भूजल चढत गेलं. आज तिथे निळीहिरवी, नितळ तळी आहेत. त्यातल्या पोर्ट्समथ तळ्याची खोली शंभर मीटरहून जास्त आहे. तळ्यांच्या काठाने उभे आहेत ते डोंगर नव्हेत, खनिजापर्यंत पोचण्यासाठी उकरून बाजूला टाकलेल्या दगडमातीचे ढिगारे. त्यांच्यावर बर्च आणि अॅस्पेनची झाडं आपसूक रुजली आणि जंगल उभं राहिलं. 1993 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हा सगळा परिसर उद्यान म्हणून राखला. तरी बरीच वर्षं इथे येणारे लोक थोडेच होते. कोणी मासेमारीला, कोणी त्या नितळ पाण्यात बुडी मारायला येत असे. 2011 मध्ये ढिगाऱ्यांवरून आणि तळ्यांच्या काठाने सुमारे 40 किलोमीटर लांबीच्या माउंटन बाइकच्या वाटा खुल्या झाल्या आणि चित्र पालटलं. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेने, म्हणजे इम्बाने, उद्यानाला रौप्य दर्जाचं राइड सेंटर ठरवलं. पुढे वाटा वाढत गेल्या, आज त्या दुप्पट तरी असतील.

मी इथे पहिल्यांदा आलो तो सायकल चालवायलाच. वाटांच्या कामाला हात लावला तो नंतर, आणि तेव्हापासून सायकल चालवतानाही माझी नजर वाटेच्या काठाकडे जाते.

उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी वाहनतळाजवळ लोक जमतात. यात क्रॉस्बीतले रहिवासी असतात, आमच्यासारखे शहरातून आलेले असतात, शाळेतली मुलं असतात. ट्रकच्या हौद्यातून अवजारं उतरतात. घमेलं आणि फावडं आपल्या ओळखीचं, पण दोन अवजारं मी आधी कधी पाहिली नव्हती. पुलास्कीला एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं असतं, त्यामुळे मुळं तोडणं आणि माती खणणं दोन्ही एकाच दांड्याने होतं. मॅक्लाऊड म्हणजे रुंद, जड डोक्याचं अवजार. एका कडेला दाते, दुसऱ्या कडेला धार, आणि डोकं पालथं धरून आपटलं की माती चोपली जाते. दोन्ही मुळात वणवा विझवणाऱ्यांची अवजारं.

आमच्या तुकडीची प्रमुख गावातलीच एक बाई. तिचे आजोबा खाणीत होते. ती फार बोलत नाही. डोळ्याला उतारमापक लावते, समोरच्या माणसाला दहा पावलं पुढे पाठवते आणि आकडा सांगते. तिच्या आकड्यांमागे दोन नियम आहेत आणि ते जगभरचे वाटा बांधणारे पाळतात. पहिला, वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. टेकाडाचा उतार 20 टक्के असेल तर वाट फार तर 10 टक्क्यांनी चढावी. त्याहून जास्त चढवली की पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेवरूनच धावत सुटतं. दुसरा, पूर्ण वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा. म्हणून चांगली वाट कधी सरळ माथ्याकडे जात नाही. ती डोंगराच्या कुशीतून आडवी जाते आणि मधूनमधून, चढता चढता, हलकेच खाली उतरते. सायकलवाल्याला त्या उतरण्यात झोक्यासारखी मजा येते. बांधणाऱ्याने ती ठेवलेली असते पाण्यासाठी. त्या खोलगटापाशी वाटेवरचं पाणी गोळा होतं आणि काठावरून खाली निघून जातं.

मला हे ऐकताना आपल्याकडची श्रमदानं आठवली. तिथेही आम्ही ए-फ्रेम घेऊन समपातळीची रेषा शोधायचो, चुन्याने आखायचो आणि मग सलग समतल चर खणायचो. नजर तीच, हेतू उलटा. तिथे पाणी अडवायचं आणि जिरवायचं, इथे ते वाटेवर क्षणभरही थांबू द्यायचं नाही. पण दोन्हीकडे पाणी जोर धरायच्या आधीच त्याला गाठायचं असतं. ज्याने दुष्काळी गावात चर खणलाय त्याला या जंगलातलं काम समजायला वेळ लागत नाही.

नवी वाट कापताना आधी वरचा कुजलेल्या पानांचा काळा थर पूर्ण काढून टाकतात. तो पायाला मऊ लागतो खरा, पण पाणी धरून ठेवतो आणि चाकाखाली त्याचा चिखल होतो. त्याखाली कायुनाची प्रसिद्ध लाल माती लागते. लोखंडामुळे आलेला तो रंग कपड्यांवर, टायरवर, कुत्र्यांच्या पायांवर, सगळीकडे चढतो. कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. मग उताराच्या पोटात पूर्ण रुंदीची पायरी कापतात. खणलेली माती काठावर रचून वाट रुंद करायचा मोह होतो, तो टाळायचा. भरावाची माती पहिल्या पावसाळ्यात खचते. ती माती घमेल्याने लांब नेऊन झाडीत विखरून टाकायची. वरच्या बाजूची कड तिरकी तासायची, म्हणजे ती वाटेवर ढासळत नाही. शेवटी वाट डोंगराबाहेरच्या बाजूला किंचित कलती करायची, पाच टक्क्यांच्या आसपास.

हा पाच टक्क्यांचा कल डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तो तपासायची बाईंची पद्धत अशी, मॅक्लाऊड त्याच्या रुंद डोक्यावर वाटेवर उभा करायचा आणि हात सोडायचा. अवजार तोल सावरून उभं राहतं आणि दांडा जमिनीच्या कलाप्रमाणे झुकतो. दांडा दरीकडे जरासा झुकला तर काम बरोबर. सरळ उभा राहिला किंवा डोंगराकडे कलला तर पुन्हा तासायचं. मी कापलेल्या तुकड्यावर तिने तो उभा केला, मागे सरकली, पाहिलं आणि पुढच्या तुकड्याकडे गेली. ती काही न बोलता पुढे गेली की काम पसंत पडलंय असं समजायचं.

मी कामाला गेलो त्या शनिवारी नवं बांधकाम थोडंच होतं, बहुतेक वेळ जुन्या वाटेची डागडुजी चालली. शेकडो चाकं एकाच रेषेवरून गेली की मधली माती दबते आणि थोडी थोडी काठाकडे सरकते. दोनएक वर्षांत बाहेरच्या कडेला बोटभर उंचीचा वरंबा तयार होतो. चालवणाऱ्याला तो दिसतही नाही. पण पाण्याला तेवढा पुरतो. आता पाणी बाहेर पडत नाही, वाटेवरून धावतं, बारीक माती घेऊन जातं आणि मागे गोटे उरतात. मग एखाद्या सखल जागी डबकं होतं. डबकं चुकवायला लोक कडेने जातात, कड तुटते, वाट दुप्पट रुंद होते, झाडांची मुळं उघडी पडतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सरळ माथ्याकडे जाणाऱ्या पायवाटा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात त्या वाटांचे ओहोळ होतात आणि माणसं शेजारून नवी वाट पाडतात.

म्हणून आमचं काम बोटभर उंचीचा तो वरंबा खरवडून काढणं. मॅक्लाऊडच्या धारेने कड मोकळी करायची, खोलगटात साचलेला गाळ उपसायचा, पाण्याचं तोंड उघडं करायचं, चोपून घट्ट करायचं, पाच पावलं पुढे. पाठ धरते. डास आणि गोचिडी अंगावर घेतच हे करावं लागतं. काम संपल्यावर मागे वळून पाहिलं तर काही केलंय असं वाटत नाही, वाट नुसती वाटेसारखी दिसते.

नव्या वाटांमुळे उद्यानात गर्दी वाढते असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण नवी वाट माणसाला एकदा आणते. पुन्हा आणते ती सांभाळलेली वाट. तीन तास गाडी हाकून आलेल्या कुटुंबाला चिखलात सायकल ढकलावी लागली तर ते दुसऱ्यांदा येणार नाही आणि दहा जणांना येऊ नका म्हणून सांगेल. कायुनाचं नशीब असं की ढिगाऱ्यांची दगडाळ माती पाणी चटकन खाली सोडते. पाऊस थांबल्यावर इथल्या वाटा लवकर चालवण्याजोग्या होतात. तरीही मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळताना त्या बंद ठेवतात, कारण वरची माती मोकळी झालेली असते आणि खालची अजून गोठलेली, त्यामुळे पाण्याला मुरायला जागा नसते. तेव्हा एकाने मारलेल्या फेरीची चाकोरी पुढे उन्हाळाभर राहते. पहिल्या उबदार रविवारी शहरातून आलेल्या उत्साही माणसाला परत पाठवणं सोपं नाही, पण इथे ते करतात आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

लोकांना पुन्हा आणणारी दुसरी गोष्ट मांडणीची. ढिगाऱ्यांची उंची काही फार नाही, पण थोड्या जागेत बरंच बसवलंय. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, ही स्कीइंगच्या उतारांवरून घेतलेली खूण इथेही आहे. सोप्या आणि अवघड वाटा एकाच ठिकाणाहून फुटतात. त्यामुळे आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तळ्याकाठच्या सोप्या वाटेने जाते, थोरली मुलगी टिंबर शाफ्ट किंवा ड्रॅग लाइन या वाटांपैकी एकीवर जाते आणि तासाभराने सगळे एकाच बाकावर डबा खातात. ज्याला मातीची वाट नकोच त्याच्यासाठी डांबरी सायकलमार्ग आहे. हिवाळ्यात जाड टायरच्या सायकलींसाठी बर्फ दाबून वाट करतात. आमच्या ओळखीतली चार मराठी कुटुंबं दरवर्षी इथे तंबू ठोकतात. त्यातल्या दोन आजी सायकलवर बसतही नाहीत. त्या पोर्ट्समथच्या काठी सकाळी पोहे करतात आणि दिवसभर पाण्याकडे बघत बसतात.

क्रॉस्बीची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. मुख्य रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आधीपासून होती, आता सायकलचं दुकान, कॉफी, बिअर, राहायला भाड्याच्या खोल्या. शनिवारी रात्री जेवायला टेबल मिळत नाही. दुपारी कामावर माझ्या शेजारी खणणारा गावकरी म्हणाला, “घरं आता बाहेरचे लोक घेतात, माझ्या मुलाला इथे घर परवडणार नाही.” तरी दर महिन्याला तो फावडं घेऊन येतो. त्याची तक्रार मला खोटी वाटत नाही. वाटा बांधणाऱ्यांनी गर्दीचा आनंद मानताना ही बाजूही मोजली पाहिजे.

गावाच्या उत्तरेला मिलफर्ड खाणीचं स्मारक आहे. 5 फेब्रुवारी 1924ला खाणीचं छत तळ्याच्या बाजूने फुटलं, पाणी आणि चिखल आत घुसला आणि 41 कामगार गेले. सात जण शिडीने वर आले. वाटांवर आलेल्या प्रत्येकाने तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. ज्या ढिगाऱ्यांवरून आपण मजेत उतरतो ते या माणसांसारख्यांनी रचले आहेत.

सध्या चिंता आहे ती वाटा सांभाळणाऱ्या माणसांची. नवी वाट काढायची म्हटलं की अनुदान मिळतं, छोटं खोदयंत्र येतं, कंत्राटी बांधणारे येतात, उद्घाटन होतं. वरंबा खरवडायला अनुदान सहसा मिळत नाही. वाट दुप्पट झाली की काठही दुप्पट होतो आणि मॅक्लाऊड धरणारे हात तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. आमच्या तुकडीच्या बाईंनी त्यावर उपाय काढलाय. प्रत्येक वाटेचा एकेक तुकडा एकेका कुटुंबाला नेमून द्यायचा, वर्षातून दोनदा त्यांनी तो तपासायचा, एकदा बर्फ गेल्यावर आणि एकदा पानगळीनंतर. आमच्या वाट्याला तळ्याकडे उतरणाऱ्या एका वळणाचा काठ आलाय. तिथली दोन खोलगटं गाळाने लवकर भरतात, तेव्हा ऑक्टोबरात जाताना घरून एक जास्तीचं घमेलं न्यायचं ठरलंय.