धुक्यात पेटणारी लोहडी

१३ जानेवारीला चंडीगडलगतच्या खरडमध्ये गल्लोगल्ली लोहडीच्या सणाची शेकोटी पेटते. ज्या घरात नवी सून किंवा तान्हं बाळ आलंय, तिथला जाळ जरा मोठाच. आपली होळी फाल्गुनातली. तेव्हा पालापाचोळा कडकडीत वाळलेला असतो, नुसती काडी ओढायचा अवकाश. लोहडी मात्र ऐन कडाक्याच्या थंडीत येते. उघड्यावरचं सरपण रात्रभर दव पितं. तरी ती भडकते, कारण कुणीतरी लाकूड पारखून आणलेलं असतं.

गंमत अशी, की ज्वाळा लाकडाची नसतेच! लाकूड दोन-तीनशे अंशांपर्यंत तापलं की त्यातून वायू सुटतात आणि पेट घेतात ते हे वायू. पटत नसेल तर मेणबत्ती विझवून लगेच तिच्या धुराला काडी लावा. ज्योत धुरावरून सरसर वातीवर उतरते. शास्त्रज्ञ मायकल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांना हेच करून दाखवलं होतं.

ओल्या लाकडात पाणी आडवं येतं. ताज्या तोडीच्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. उकळत्या पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते, ती बर्फगार पाण्याला उकळी आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त. सगळी धग तिथेच खर्ची पडते, हाती येतो धूर.

मग पारखायचं कसं? ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा. गाभ्याकडून सालीकडे चिरा गेल्या असतील तर तो वाळलाय. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. घेर अपुरा पडतो आणि लाकूड तडकतं! दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळलेले टणटण वाजतात, ओले बद्द.

लाकूड दवानं भिजलेलं असेल तर फोडा. ओल वरवरची असते, आतलं कोरडं अंग उघडं पडतं. कसौलीकडच्या चीड पाइनची राळ मुरलेली ढलपी मिळाली तर सोनंच, ती दमट असली तरी पेटते. खाली गोवरी, वर बोटाएवढ्या काटक्या, मधून वाऱ्याला वाट. किकर, म्हणजे आपली बाभूळ, शेवटी घाला. ती पेटायला आळशी, पण निखारा तासन्‌तास धरते.

आणि रॉकेल ओतू नका. ते भपकन जळून जातं, ओला ओंडका धुमसतच राहतो.